पैशांचे पाकीट वाटेत उघडले गेले, हे कसे ओळखावे?

रोख रक्कम पाकिटातून पाठवण्याविषयी या वेळी इतकी पत्रे आली की संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत, भाग तेवढा नोंदवला आहे. मी बेळगावच्या शहापूर भागात तीस वर्षे छापखाना चालवला आणि त्याच्या जोडीने पाकिटे तयार केली. पुढील उत्तरे त्या अनुभवातून दिली आहेत.

प्रश्न : आमचा महिला बचत गट खानापूर तालुक्याच्या जंगलभागातील एका गावात आहे. बँक लांब असल्याने दर आठवड्याची जमा आम्ही खाकी पाकिटात घालतो, तोंड डिंकाने चिकटवतो, वर स्टेपलरच्या तीन पिना मारतो आणि गटातील एका बाईबरोबर बसने खानापूरला पाठवतो. दिवाळीआधी एकदा दीड हजार रुपये कमी भरले. पाकीट जसेच्या तसे दिसत होते, तरी सगळ्यांचा संशय नेणाऱ्या बाईवर गेला. ती विधवा आहे आणि तेव्हापासून बैठकीला येत नाही. उघडले तर लगेच कळेल असे पाकीट आम्हाला घरी करता येईल का?

उत्तर : करता येईल, परंतु आधी त्या भगिनीविषयी लिहितो. स्टेपलरची पीन मागून सरळ करून काढता येते आणि त्याच भोकांतून परत बसवता येते. बाजारी डिंक जरा ओल लागली की सुटतो आणि वाळला की पुन्हा धरतो. म्हणजे आपले पाकीट उघडले गेले असते तरी तसेच दिसले असते, आणि उघडले गेले नसते तरीही तसेच दिसले असते. अशा पाकिटाची साक्ष कोणाच्याही विरुद्ध धरता येत नाही. शिवाय गावात रक्कम दोघींनी मोजली होती, असेही आपल्या पत्रात कुठे दिसत नाही. मोजण्यातली चूक, भरण्यातली चूक आणि वाटेतली चोरी या तिन्ही शक्यता सारख्याच उघड्या असताना तिसरीच खरी मानण्यास काहीही आधार नाही. हे गटाच्या बैठकीत सर्वांसमोर सांगावे आणि त्यांना सन्मानाने परत बोलवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता पाकिटाकडे वळू. चोरी थांबवण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. ते उघडले गेले असेल तर ती गोष्ट लपू नये, एवढेच काम त्याच्याकडून घ्यायचे असते. ते घेताना बहुतेक जण एक चूक करतात, ती म्हणजे फक्त तोंडाची काळजी घेतात. तयार पाकिटाला तोंडाखेरीज तळाचा जोड असतो आणि बाजूचा किंवा मधला उभा जोड असतो. हे जोड कारखान्यात स्वस्त खळीने चिकटवलेले असतात, आणि ज्याला पाकीट गुपचूप उघडायचे आहे तो आपण तीन पिना मारलेल्या तोंडाकडे बघतही नाही. म्हणून पैशांसाठी तयार पाकीट वापरू नये. एका अखंड कागदाची घडी घालून, शक्य तितके कमी जोड ठेवून पाकीट स्वतः करावे, आणि जितके जोड असतील तितक्या सर्वांवर खूण करावी. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. मोडी कागदपत्रांत मजकूर लांबला की कागदाला कागद चिकटवून पट्टी वाढवत आणि पाठीमागे प्रत्येक सांध्यावर शिक्का उमटवत, म्हणजे मधला एखादा तुकडा बदलला तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळत नसत.

कागद जाड असला की सुरक्षित, असा समज आहे. तो या कामापुरता चुकीचा आहे. जाड, गुळगुळीत किंवा प्लास्टिकचा थर दिलेला कागद जोडावरून अलगद सोलून निघतो. पातळ, थर न दिलेला, तंतू सैल असलेला कागद मात्र फाटतो. आपल्याला फाटणाराच कागद हवा आहे. चिकटपणा कागदाच्या ताकदीपेक्षा जास्त असावा, हे यातले मूळ सूत्र. मग जोड सोडवू पाहणाऱ्याच्या हाती तंतू येतात आणि ते पुन्हा जागेवर बसत नाहीत. नोटा बाहेरून दिसू नयेत म्हणून त्या आधी गडद कागदात गुंडाळाव्यात.

चिकटवण्यासाठी गव्हाच्या पिठाची शिजवलेली खळ चांगली धरते, पण वाफेने मऊ होते. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद वाळल्यावर पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण उष्णतेने नरमतो. सगळ्यांना पुरून उरेल असे एकच चिकटद्रव्य मी आजवर पाहिलेले नाही, त्यामुळे कमतरता भरून काढण्याचे काम शाईकडे द्यावे. जोडावरून आडवी सही दोनदा करावी, एकदा फाउंटन पेनाच्या निळ्या शाईने आणि एकदा बॉलपेनने. निळी शाई पाण्याने आणि वाफेने पसरते, बॉलपेनची शाई स्पिरिटसारख्या द्रवाने पसरते. जोड कोणत्याही मार्गाने ओला केला तरी दोहोंपैकी एक सही ते दाखवून देते. सही दोन स्त्रियांनी करावी, आणि ती जोडाच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली असावी.

खानापूरच्या पावसाचा विचार येथे वेगळा करावा लागतो. आषाढ-श्रावणात तिकडे कागद नुसता घरात ठेवला तरी ओलसर लागतो. एका पावसाळ्यात मी उद्यमबागेतील एका फाउंड्रीला पगाराची पाकिटे करून दिली होती. खळ पातळ झाली होती आणि ती माझ्या लक्षात आली नाही. पगाराच्या दिवशी काही पाकिटांची तोंडे आपोआप सुटलेली निघाली, आणि ती टेबलावर मांडणाऱ्या शिपायाला सगळ्यांसमोर खिसे उलटे करून दाखवावे लागले. रक्कम पूर्ण भरली, परंतु त्या माणसाचा उतरलेला चेहरा मी विसरू शकलेलो नाही. न उघडलेले पाकीट उघडल्यासारखे दिसणे हा दोष उघडलेले पाकीट न ओळखू येण्याइतकाच मोठा आहे, आणि त्याची किंमत नेहमी नेणारा माणूस देतो. म्हणून आपला नमुना ठरला की तशी दहा पाकिटे करून, आत वर्तमानपत्राचे तुकडे घालून, भर पावसात आठवडाभर बसने ये-जा करवावीत. त्यातले एकही स्वतःहून सुटता कामा नये.

पाकिटाइतकीच त्याच्या देवाणघेवाणीची पद्धत महत्त्वाची आहे. रक्कम दोघींनी वेगवेगळी मोजावी. कोणत्या नोटा किती, याची चिठ्ठी कार्बन लावून करावी. एक प्रत आत, एक गटाच्या वहीत. पाकिटावर अनुक्रमांक घालावा आणि तो क्रमांक खानापूरला फोनवरून कळवावा; तो पाकिटाबरोबर चिठ्ठीवर पाठवला तर उपयोग नाही, कारण पाकीट बदलणारा चिठ्ठीही बदलेल. नेणाऱ्या भगिनीने हातात घेताना सर्व जोड स्वतः पाहावेत आणि मगच वहीत सही करावी. तो तिचा हक्क आहे, तो तिला मागावा लागू नये. घेणाऱ्याने तिच्यासमोर, उजेडात, आधी जोड आणि सह्या तपासाव्यात, मग पाकीट जोडावरून न उघडता जोड नसलेल्या जागी, आतल्या नोटा वाचवून, कात्रीने कापावे, म्हणजे सगळे जोड शाबूत राहतात आणि शंका आली तर नंतरही पाहता येतात. हिशोब जुळेपर्यंत ते कापलेले पाकीट टाकू नये.

प्रश्न : निपाणीत आमचे घाऊक दुकान आहे. बँका वापरतात तशा प्लास्टिकच्या पिशव्या आणि ‘व्हॉइड’ अक्षरे उमटणारी लाल पट्टी आता सहज मिळते. कागदाच्या खटाटोपापेक्षा ती बरी नाही का?

उत्तर : नियमित आणि मोठ्या रकमेसाठी पिशवी बरी, पण ती कशामुळे बरी आहे हे समजून घेऊनच विकत घ्यावी. या पट्टीच्या चिकट थराखाली अक्षरांच्या आकाराचा असा एक लेप असतो की पट्टी उचलली की थराचा काही भाग पृष्ठभागावर आणि काही पट्टीवर राहतो, आणि अक्षरे उमटतात. पट्टी परत दाबली तरी ती पुसली जात नाहीत. अति थंड केल्यावर मात्र अनेक चिकटद्रव्ये कडक होऊन पकड सोडतात, उष्णतेने काही नरमतात, काही द्रवांनी विरघळतात. म्हणून चांगल्या पिशवीच्या पट्टीत उष्णतेने रंग बदलणारी आणि द्रवाने पसरणारी शाई घातलेली असते. पिशवी घेताना तिच्या बाजूच्या वितळजोडांकडेही, म्हणजे उष्णतेने वितळवून जोडलेल्या कडांकडेही, पाहावे. नक्षीची किंवा बारीक अक्षरांची छपाई अगदी कडेपर्यंत, जोडाच्या आतून गेलेली असेल तर बाजू कापून पुन्हा वितळवल्यावर ती छपाई तुटलेली दिसते. कडेला कोरी जागा सोडलेली असेल तर तसे दिसत नाही.

लाल पट्टी सुटी घेऊन खाकी पाकिटावर लावणाऱ्यांना माझा सल्ला असा की तसे करू नये. धूळ बसलेल्या किंवा खडबडीत कागदावर ती नीट धरत नाही आणि कधी कधी एकही अक्षर न उमटवता उचलली जाते. योग्य पृष्ठभागावरही तिला पुरती पकड घ्यायला काही तास लागतात, त्यामुळे लावल्याबरोबर पाकीट रवाना करणे धोक्याचे असते.

याहून मोठी गोष्ट आपल्या पत्रात सुटली आहे. आपल्यासारखी पिशवी कोणालाही दुकानातून मिळत असेल तर चोराला ती उघडण्याची गरजच नाही. तो जुनी फाडून टाकील आणि नवी भरून देईल. म्हणून प्रत्येक पिशवीवर कारखान्यातच छापलेला वेगळा क्रमांक हवा, त्याच क्रमांकाची फाडून घेण्याची पावती हवी, आणि कोऱ्या पिशव्या रोकडीसारख्या कुलपात ठेवून त्यांची मोजदाद हवी. अमेरिकेतील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉजर जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे तऱ्हेतऱ्हेची सीले तपासली. महागड्या सीलांनाही साध्या साधनांनी, थोड्या वेळात चकवता येते, आणि सीलाचे खरे बळ ते लावणाऱ्या व तपासणाऱ्या माणसांच्या पद्धतीत असते, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्या दुकानात पिशवी स्वीकारणारा माणूस क्रमांक न पाहता कात्री लावत असेल, तर महाग पिशवीवर खर्च करू नये.

प्रश्न : संकेश्वर भागातील एका सौहार्द सहकारी संस्थेत मी रोखपाल आहे. पिग्मी गोळा करणारे एजंट रोज सीलबंद पाकीट देतात. दोन महिन्यांत दोनदा असे झाले की पाकीट पूर्ण शाबूत होते, तरी आतली रक्कम चिठ्ठीशी जुळली नाही. हे कसे घडते?

उत्तर : पाकीट खरोखर शाबूत असेल तर दोष चिठ्ठीत शोधावा, आणि आपल्या सीमाभागात तो तिथे सापडण्याची शक्यता अधिक आहे. आपल्याकडे एकाच दिवसात तीन लिप्यांतले आकडे हातांखालून जातात. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि कन्नडमधील एक इतका गोल असतो की घाईत तो शून्य वाटतो. मराठीत लिहिणाऱ्या एजंटाची चिठ्ठी कन्नडमध्ये शिकलेल्या कारकुनाने इंग्रजी आकड्यांत उतरवली की एका शंभराचे नऊशे व्हायला कोणाचीही लबाडी लागत नाही. दोन्ही वेळची तफावत आधी या दृष्टीने तपासा. फरक आठाच्या किंवा चाराच्या पटीत आला, उदाहरणार्थ आठशे किंवा चारशे, तर कारण बहुधा येथेच आहे.

चिठ्ठी कशी असावी, हे आपल्या पेढ्यांनी फार पूर्वी ठरवून ठेवले आहे. हुंडीवर, म्हणजे पैसे देण्याविषयी पेढीने दुसऱ्या पेढीला लिहिलेल्या चिठ्ठीवर, रक्कम एकदा लिहून कोणी थांबत नसे. रुपये पाचशे, त्याचे निमे अडीचशे, त्याचे दुप्पट, अशा रीतीने तीच रक्कम फिरवून लिहीत, म्हणजे एक आकडा खोडला किंवा पुढे शून्य वाढवले तर बाकीचे शब्द त्याला खोटे पाडत. हुंडी गहाळ झाली तर पेठ आणि तीही गहाळ झाली तर परपेठ अशी मूळ रकमेशी बांधलेली नवी कागदे देण्याची व्यवस्थाही होती. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटवत, ती मजकुराची सीमा दाखवण्यासाठी. तिच्याखाली कोणी एक ओळही घुसडू शकत नसे. आपल्या चिठ्ठीवरही शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारून तिथेच सही घ्यावी. रक्कम आकड्यांत एकाच ठरलेल्या लिपीत आणि अक्षरांत मराठी व कन्नड दोन्ही भाषांत लिहावी, निम्मी रक्कमही अक्षरी लिहावी, आणि नोटांचा तपशील वेगळ्या रकान्यांत छापून घ्यावा. हा छापील नमुना कोणताही छापखाना एका दिवसात करून देईल. तो अमलात येईपर्यंत एजंटांच्या पगारातून तफावतीची रक्कम कापू नये.

प्रश्न : माझे वय ऐंशीच्या पुढे आहे, मी वडगावात राहतो. लहानपणी वडील टपालाने विम्याचे (आतल्या रकमेचा विमा उतरवलेले) पाकीट पाठवत, त्यावर लाखेचे लाल शिक्के असत. नोटेचे दोन तुकडे करून वेगवेगळ्या टपालाने पाठवल्याचेही आजोबा सांगत. या पद्धती आज चालतील का?

उत्तर : आपल्या आजोबांनी सांगितले ते खरे आहे. नोट मधोमध कापून एक अर्ध आधी पाठवत, तो पोचल्याचे पत्र आले की दुसरा पाठवत. एकटा अर्ध चोराच्या उपयोगाचा नसे. सुरक्षिततेची ती फार विचारपूर्वक केलेली योजना होती, परंतु आज ती कोणीही करू नये. रिझर्व्ह बँकेच्या नोट परतावा नियमांनुसार जाणीवपूर्वक कापलेल्या नोटेचा दावा फेटाळला जातो. आपोआप फाटलेल्या नोटेच्या बाबतीतही पन्नास रुपये आणि त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असला तरच पूर्ण किंमत मिळते, ४० ते ८० टक्के असला तर निम्मी. नोटांच्या गड्डीला पीनही मारू नये. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्येच बँकांना स्टेपल बंद करून कागदी पट्टी वापरण्यास सांगितले.

लाखेविषयी मला आस्था आहे. लखोटा या शब्दातच लाख आहे. ती कागदाच्या तंतूंत शिरून बसते आणि ओढली तर कागदासकट निघते किंवा तडकते, हा तिचा मोठा गुण. टपाल खात्याचे विम्याच्या पाकिटांचे जुने नियम वाचले तर प्रत्येक ओळीमागे कोणाचा तरी कडू अनुभव असावा असे जाणवते. सर्व शिक्के एकाच लाखेचे आणि एकाच ठशाचे हवेत. ठसा खासगी खुणेचा हवा, चलनी नाण्याचा किंवा नुसत्या सरळ, आडव्या, वक्र रेघांचा चालणार नाही, कारण नाणे प्रत्येकाच्या खिशात असते आणि रेघा कोणीही काढू शकतो. तिकिटे एकमेकांपासून अंतर सोडून लावायची आणि पाकिटाच्या कडेवरून दुमडायची नाहीत, कारण तिकिटाखाली फाटलेली किंवा कापलेली जागा झाकता येते. हा शेवटचा नियम आजही मोलाचा आहे: पैशांच्या पाकिटावर शोभेचे स्टिकर, पत्त्याची मोठी चिठ्ठी किंवा जादा चिकटपट्टी लावू नये, प्रत्येक आच्छादन संशयाला जागा करून देते.

मात्र लाख एकटीवर विसंबू नये. गाडीच्या हादऱ्यांनी ती प्रामाणिक वाहकाच्या हातातही तडकते, आणि ठशाचा साचा घेऊन नवी मोहोर उठवणे कुशल हाताला जमते. मोहोर उमटल्यावर तिच्या कडेला लाख कशी ओघळली, बुडबुडा कुठे राहिला, हे मोबाइलने जवळून टिपून घेणाऱ्याला पाठवावे. ठशाची नक्कल होते, ओघळाची होत नाही.

प्रश्न : मुलगा गोव्यात कामाला आहे. चोर्ला घाटातून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर तो दर महिन्याला पाकिटातून पैसे पाठवतो. आम्हा दोघांनाही मोबाइलवरचे व्यवहार जमत नाहीत. पाकीट कसे असावे?

उत्तर : आपल्या बाबतीत पाकीटच नको. मुलाला पैसे आपल्या बँक खात्यात भरू द्यावेत. खाते आधारला जोडलेले असेल तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत आपल्या भागाचा पोस्टमन घरी येऊन, बोटाचा ठसा घेऊन, खात्यातील रक्कम हातात देतो. खाते दुसऱ्या बँकेत असले तरी चालते. गावच्या टपाल कार्यालयात तशी विनंती नोंदवावी. ठसा देण्यापूर्वी यंत्रावरची रक्कम पोस्टमनला मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे, ती आपण मागितली तेवढीच आहे याची खात्री करावी, नोटा त्याच्यासमोर मोजाव्यात आणि तारीख व रक्कम घरच्या वहीत लिहून त्याच दिवशी मुलाला फोनवर सांगावी. तोवर एखाद्या महिन्यात ड्रायव्हरबरोबरच पाठवावे लागले, तर पहिल्या उत्तरातील घरगुती पाकीट करावे आणि क्रमांक मुलाने फोनवर सांगावा. ड्रायव्हरला थांबवून त्याच्यासमोर पाकीट तपासायला संकोच वाटू देऊ नये. त्याने आणलेले पाकीट शाबूत होते, हे त्याच्यादेखत मान्य झाले पाहिजे.